घरी ब्रेक पॅड आणि डिस्क बदलताय? या चुका टाळा

पॅड बदलणं तसं सोपं दिसतं. चाक काढा, कॅलिपरचे (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) दोन बोल्ट सोडवा, जुने पॅड बाहेर, नवे आत. म्हणूनच घाई होते, आणि मग ‘नवीन पार्ट टाकूनही स्टेअरिंग थरथरतंय’ अशी तक्रार सुरू होते. बहुतेक वेळा दोष पार्टचा नसतो, साफसफाई राहून गेलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, म्हणून इथे पुढच्या चाकांबद्दलच बोलतोय.

आधी जिवाची काळजी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीत काम करू नका. स्टेपनीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. जागा सपाट हवी, मागच्या चाकांना अडण हवी आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवलेली हवी. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. व्हील नट गाडी उचलायच्या आधीच थोडे सैल करा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हबकडे, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागाकडे. डिस्क जिथे टेकते त्या जागी गंजाची पापडी धरलेली असते. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत तर हमखास. त्यावरच नवी डिस्क चढवली की ती केसभर तिरकी बसते. सुरुवातीला काही जाणवत नाही. पण प्रत्येक फेऱ्यात तीच जागा पॅडला घासते, जाडी कमी-जास्त होते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की स्टेअरिंग हलू लागतं. मग लोक म्हणतात, डिस्क वाकडी निघाली. तारेच्या ब्रशने हब धातू दिसेपर्यंत घासा, स्टडच्या (नट बसतात त्या दांड्यांच्या) बुडाशीसुद्धा. जुनी डिस्क निघत नसेल तर तिच्यावर दोन आटे पाडलेली भोकं आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांत ती ८ मिमी बोल्टची असतात. दोन्हीकडे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क आपोआप सुटते.

जुनीच डिस्क ठेवणार असाल तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मोजून बघा. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय चढवू नका.

कॅलिपर काढल्यावर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) आत ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून पातळी बघा. मध्ये कुणी ऑइल भरलं असेल तर ते वर येऊन सांडतं आणि रंग खातं. सिरिंजने थोडं काढून घ्या. पिस्टन जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा.

स्लायडर पिन, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, बोटांनी सहज सरकायला हव्यात. अडकल्या तर आतला पॅड झिजून संपतो आणि बाहेरचा अर्धा शाबूत राहतो. जुने पॅड शेजारी ठेवून पाहिलेत तर हे लगेच कळेल. पिन पुसा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस रबर फुगवतं. वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते, अदलाबदल नको. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल खालीच जातं. गेटपर्यंत गेल्यावर हे कळून उपयोग नाही. पंप करूनही मऊच राहिलं तर गाडी बाहेर काढू नका. पाइप उघडला गेला असेल तर आत हवा शिरलेली असते, ती काढून घ्यावी लागते.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर साधारण ५०-६० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा दमाने ब्रेक लावा, पूर्ण न थांबता. नंतर ब्रेक दाबून उभं न राहता गाडी थोडी चालवून थंड होऊ द्या. परतल्यावर रिमजवळ हात नेऊन बघा (डिस्कला लावू नका). एकच चाक जास्त तापलं असेल तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अडकलेला आहे, पुन्हा उघडा. व्हील नट चाक बसवतानाच मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने), समोरासमोर आवळा, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर एकदा परत तपासा.