पेपर पाठवण्याआधी जर्नल कसे तपासावे

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, बंद केल्याचे जाहीर केले. तोवर यादीत नाव शोधायचे, सापडले की पेपर पाठवायचा, एवढेच काम होते. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी संशोधकावर आणि त्याच्या संस्थेवर आली आहे. यादी होती तेव्हाही ती निर्धोक नव्हतीच. केअरच्या आधीच्या मान्यताप्राप्त यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नल्स काढावी लागली होती. केअरच्या काळात तर यादीतल्या जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या आणि लोक त्यांच्याकडे पैसे भरत राहिले.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: जर्नल स्वतःबद्दल जे सांगते, ते त्याच्याच वेबसाइटवर तपासायचे नाही. प्रत्येक दावा जिथे नोंदला जातो तिथे जाऊन पाहायचा. अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे.

सुरुवात आयएसएसएनपासून, म्हणजे नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकापासून करा. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर हा आठ अंकी क्रमांक टाकला की नोंद फुकट दिसते. त्यात जर्नलचे नाव अक्षरशः तेच आहे का, प्रकाशनाचा देश कोणता आणि वेबसाइटचा पत्ता दिला असल्यास तो जुळतो का, हे पाहा. नावात ‘अमेरिकन’ किंवा ‘युरोपियन’, पत्ता न्यू जर्सीचा आणि पोर्टलवर देश भारत, असे दिसले तर थांबा. भारतातून निघण्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे.

क्रमांक मुळातच बनावट आहे का, हे कागदावरही कळते. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेला ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा केली की आठवा अंक मिळतो. उत्तर १० आले तर तिथे ‘एक्स’ असतो, ११ आले तर शून्य. ‘करंट सायन्स’चा क्रमांक ००११-३८९१ आहे. बेरीज ६५, बाकी १०, म्हणून शेवटचा अंक १. मात्र आयएसएसएन खरा निघाला म्हणून हुरळून जाऊ नका. हा फक्त ओळख क्रमांक आहे. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून मोफत मिळतो आणि तो देताना पेपरांचा दर्जा कोणी तपासत नाही. ‘आयएसएसएन मान्यताप्राप्त’ ही जाहिरात म्हणूनच पोकळ आहे.

पुढे इंडेक्सिंग, म्हणजे जर्नल कोणत्या निवडक सूचीत घेतले आहे ते. स्कोपस या सूचीच्या ‘सोर्सेस’ पानावर जर्नल शोधा, तेही नावाने नको, आयएसएसएनने. नुसते नाव सापडून भागत नाही. कोणत्या वर्षापर्यंतचे अंक घेतले आहेत ते वाचा. दर्जाच्या तक्रारींमुळे बाहेर काढलेल्या जर्नलपुढे ‘कव्हरेज डिसकंटिन्यूड’ असा शेरा असतो, आणि अशी जर्नल्स ‘स्कोपस इंडेक्स्ड’चा लोगो वर्षानुवर्षे मिरवतात. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या सूचीसाठी ती चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीची मास्टर जर्नल लिस्ट पाहा, फुकट वाचता येणाऱ्या खुल्या जर्नलसाठी डीओएजे ही सूची. ‘कोप’ या प्रकाशन-नीतीविषयक संस्थेचे सदस्य असल्याचा दावा असेल तर कोपच्या सदस्य यादीत नाव शोधा. गूगल स्कॉलरचा लोगो मोजायचाच नाही. तिथे कोणी निवड करत नाही, यंत्र आपोआप गोळा करते.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला तो आकडा. या नावाचा मान्य आकडा फक्त क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये मिळतो. त्याच्या मागेपुढे ‘ग्लोबल’, ‘सायंटिफिक’, ‘कॉसमॉस’ असे शब्द लागले की तो वेगळाच आकडा समजा. आणखी एक खूण: २०२३ पासून क्लॅरिव्हेट हा आकडा एकाच दशांश स्थळापर्यंत देते. ‘चालू वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर ७.४२९’ असे कोणी लिहिले असेल, तर तो कुठून आला ते विचारा.

एवढे सगळे जुळले तरी जुने अंक उघडल्याशिवाय निर्णय घेऊ नका. मुखपृष्ठ कोणालाही सजवता येते, अर्काइव्ह सजवणे अवघड. तुमच्या विषयातले तीन पेपर पूर्ण वाचा. संदर्भ मजकुरात खरोखर वापरले आहेत का? डीओआयवर (पेपरच्या कायमस्वरूपी ऑनलाइन क्रमांकावर) क्लिक केल्यावर तोच पेपर उघडतो का? एकाच अंकात दुग्धव्यवसाय, संत साहित्य, जीएसटी आणि नॅनोकण शेजारी शेजारी बसले असतील, तर हे सगळे तपासणारे तज्ज्ञ कोण? पेपर मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख पाहा. दोन-तीन दिवसांचे अंतर असेल तर तज्ज्ञांकडून परीक्षण झालेलेच नाही. प्रामाणिक परीक्षणाला आठवडे, बहुधा महिने लागतात. संपादक मंडळातल्या दोघांची नावे त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा, आणि शक्य असल्यास त्यांना ईमेल करून विचारा. आपले नाव वापरल्याचे त्यांना ठाऊकच नसते, असे सर्रास घडते.

शुल्क घेणे हा स्वतःत दोष नाही. ‘प्लॉस वन’ दोन हजार डॉलरहून अधिक घेते, पण ती रक्कम वेबसाइटवर आधीच लिहिलेली असते. स्वीकृतीनंतर अचानक सांगितलेली फी, व्यक्तीच्या नावाचा यूपीआय आणि ‘आज भरल्यास सवलत’ हे ओळखीचे सापळे आहेत.

महाराष्ट्रात बरीच फसगत होते ती एकदिवसीय परिषदांच्या विशेषांकांत. नोंदणी शुल्कातच ‘प्रकाशन’ धरलेले असते. पैसे भरण्याआधी आयोजकांना ईमेलने तीन गोष्टी विचारा: जर्नलचे नाव व आयएसएसएन, परीक्षण कोण करणार, आणि अंक जर्नलच्या अधिकृत वेबसाइटवर कायम राहणार का. छापील अंक हातात पडतो, वेबसाइटवर मात्र काहीच नसते, आणि कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या) छाननीत तो पेपर शंकास्पद ठरतो. पीएचडीसाठी घाई करणाऱ्यांनी यूजीसीचे २०२२ चे नियम वाचावेत: शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती त्यांत काढून टाकली आहे. आपल्या विद्यापीठाने ती ठेवली आहे का, एवढे विचारून घ्या.

उलट बाजूही आहे. स्कोपसमध्ये नाही म्हणून जर्नल बोगस ठरत नाही. ‘परामर्श’ किंवा ‘भाषा आणि जीवन’सारखी मराठी नियतकालिके या फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे आहे, तिथे संपादक कोण, अंक सातत्याने निघतो का आणि लेखांवर पुढे चर्चा होते का, हे पाहावे.

पेपर आधीच पाठवला असेल तर पैसे भरू नका आणि कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. लेखी ईमेलने पेपर मागे घेत असल्याचे कळवा, आणि मागे घेतल्याची पोच मागा. ‘विथड्रॉवल फी’ मागितली तर देऊ नका. शुल्काची कल्पना आधी दिली नव्हती, असे उत्तरात लिहा. पोच येण्याआधी तोच पेपर दुसरीकडे पाठवला आणि इकडे तो छापून आला, तर दुहेरी प्रकाशनाचा ठपका तुमच्यावर येतो. पोच येतच नसेल तर पाठवलेले सगळे ईमेल जपून ठेवा आणि नव्या जर्नलच्या संपादकांना पेपर पाठवतानाच सगळी हकिकत लिहून कळवा.