विमा आहे, पण कळवलं कोणी? इंग्लंडमधल्या लीजहोल्ड इमारतीत या चुका टाळा

लंडन, स्लाऊ किंवा मिल्टन कीन्सला फ्लॅट घेणारा मराठी माणूस बऱ्याचदा मनात पुण्या-मुंबईची सोसायटी धरून चालतो. इथलं गणित वेगळं आहे. भिंती, छप्पर, जिना फ्रीहोल्डरचे, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचे आणि तुमच्या हातात 99, 125 किंवा 999 वर्षांचं लीज. बहुतेक लीजप्रमाणे इमारतीचा विमा फ्रीहोल्डर किंवा रहिवाशांची मॅनेजमेंट कंपनी उतरवते आणि प्रीमियम सर्व्हिस चार्जमधून, म्हणजे फ्लॅटवाल्यांकडून घेतल्या जाणाऱ्या देखभाल खर्चातून वसूल होतो. सोफा, टीव्ही, दागिने, कपडे यांचा कंटेंट्स विमा ज्याचा त्याने घ्यायचा.

म्हणजे पैसे तुमचे, पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर आणि नुकसान तिसऱ्याच्या घरात. मधे इमारतीचा कारभार बघणारा मॅनेजिंग एजंट आणि विमा मिळवून देणारा ब्रोकर. या साखळीत बातमी कुठेतरी अडली की चांगली पॉलिसीसुद्धा कामाला येत नाही. खालच्या चुका त्या अडण्याच्या जागा आहेत. मॅनेजमेंट कंपनीचे डायरेक्टर म्हणून काम बघणाऱ्यांनी आणि नुसते फ्लॅटमालक असलेल्यांनीही त्या वाचाव्यात.

बाजारभावावरून विम्याची रक्कम ठरवणं

वीस फ्लॅट, प्रत्येकी चार लाख पौंड, म्हणून ऐंशी लाखांचा विमा, हा हिशेब मुळातच चुकीचा. बाजारभावात जमीन आणि परिसर येतो. विम्याला लागतो तो पुनर्बांधणीचा खर्च. पाडकाम, राडारोडा हटवणं, आर्किटेक्ट आणि सर्व्हेयरची फी, आजच्या नियमांप्रमाणे बांधायला लागणारा जादा खर्च आणि लागू असेल तिथे व्हॅट, हे सगळं त्यात धरायचं. हा आकडा बाजारभावापेक्षा कमी असेल किंवा जास्तही. चार्टर्ड सर्व्हेयरकडून साधारण तीन वर्षांनी नवं मूल्यांकन करून घ्यावं आणि मधल्या वर्षांत निर्देशांकाप्रमाणे रक्कम वाढवावी.

न केल्यास काय होतं? समजा खरा खर्च 80 लाख पौंड आणि विमा 60 लाखांचा. पॉलिसीत 'अ‍ॅव्हरेज'चं कलम असेल तर तुम्ही 75 टक्केच विमा उतरवला असं धरलं जातं. अख्खी इमारत जळायची गरजच नाही. 40,000 पौंडांच्या साध्या पाणीगळतीवरही 30,000 च मिळतात आणि त्यातून पुन्हा एक्सेस वजा होतो, म्हणजे क्लेममधली आपल्या खिशातून जाणारी पहिली रक्कम. उरलेले 10,000 वीस फ्लॅटांत वाटले तर प्रत्येकी 500 पौंड.

एक फसवी जागा इथेच आहे. 'डे वन' पद्धतीच्या पॉलिसीवर दोन आकडे छापलेले असतात: डिक्लेअर्ड व्हॅल्यू, म्हणजे तुम्ही कळवलेला आजचा पुनर्बांधणीचा खर्च, आणि महागाईची वाढ धरून आलेली मोठी सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम. मोठा आकडा बघून समाधान मानू नका. कस लागतो तो डिक्लेअर्ड व्हॅल्यूचा.

नूतनीकरणाचा फॉर्म जुन्यावरून उतरवून काढणं

2015 च्या इन्शुरन्स अ‍ॅक्टप्रमाणे विमा घेणाऱ्या कंपनीवर माहिती नीट मांडण्याची जबाबदारी आहे. विमा कंपनीने विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, ही सबब चालत नाही. क्लॅडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं आवरण), फायर रिस्क असेसमेंटमधली (आगीच्या धोक्याच्या तपासणीतली) अपुरी कामं, तळमजल्यावर दुकान जाऊन आलेलं तळणाचं हॉटेल, छतावरचं बांधकाम, रिकामे फ्लॅट, अल्पमुदतीने पाहुण्यांना दिले जाणारे फ्लॅट, तीन ते पाच वर्षांचे क्लेम, हे सगळं कळवायचं.

पण डायरेक्टरला हे कळणार कुठून? फ्लॅटवाल्यांनी सांगितलं तरच. म्हणून नूतनीकरणाच्या आठ आठवडे आधी सगळ्यांना चार प्रश्नांचा ईमेल पाठवा. फ्लॅट भाड्याने दिला आहे का? रिकामा आहे का? भिंत, फरशी किंवा नळाचं काम केलं का? घरात ई-बाइक किंवा ई-स्कूटर चार्ज होते का? उत्तर आलं नाही तर एक आठवण पाठवा आणि दोन्ही ईमेल जपून ठेवा. आपण वाजवी चौकशी केली होती, हे दाखवायला पुढे त्यांचाच उपयोग होतो.

पाणीगळती: पहिल्या तासातला गोंधळ

ब्लॉकमधल्या क्लेमांत हा रोजचा पाहुणा. वॉशिंग मशीनचा नळीचा जोड, सिंकखालची वेणीदार लवचिक नळी, शॉवरभोवतालचं सिलिकॉन. ग्रुपवर पडतं ते असं: "अहो, छतातून पाणी येतंय, कोणीतरी बघा ना." त्याखाली सात अंगठे आणि एक हात जोडलेला.

क्लेमला उपयोगी पडणारा निरोप असा असतो: "फ्लॅट 14, बाथरूमचं छत. 6 नोव्हेंबर, सकाळी 7:40 ला पाणी दिसलं. वरचा फ्लॅट 18. त्यांचा स्टॉपकॉक 8:05 ला बंद केला. दिव्यातून थेंब येत होते म्हणून लाइटचं सर्किट बंद आहे. 11 फोटो जोडले आहेत." तो मॅनेजिंग एजंटला ईमेलने जातो आणि एजंटने त्याच दिवशी ब्रोकरला पाठवायचा असतो. ग्रुपवरचा मेसेज म्हणजे विमा कंपनीला दिलेली सूचना नव्हे.

स्टॉपकॉक, म्हणजे फ्लॅटचं पाणी बंद करायची मुख्य तोटी, बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली किंवा गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात असतो. काही इमारतींत तो बाहेरच्या कॉरिडॉरमधल्या कपाटात असतो आणि त्याची चावी एजंटकडे. आपला कुठे आहे, फिरतो का, हे कोरड्या दिवशी बघून ठेवा. वर्षानुवर्षं न हललेला स्टॉपकॉक ऐन वेळी हातात तुटून येतो.

नंतरच्या चुका अशा:

- फुटलेली नळी प्लंबर कचऱ्यात टाकतो. ती पिशवीत घालून ठेवा, कारण विमा कंपनीला कारण तपासायचं असतं.
- गळती शोधायला भिंत फोडण्याचा खर्च 'ट्रेस अँड अ‍ॅक्सेस' खाली मिळू शकतो, पण त्याला मर्यादा असते. झिजलेला पाइप किंवा जोड बदलण्याचा खर्च सहसा मिळत नाही. प्लंबरकडून दोन ओळींचं वेगळं बिल मागा: शोधण्याचे किती, दुरुस्तीचे किती.
- भिंत वाळायच्या आत रंग लावला जातो आणि दोन महिन्यांत पोपडे येतात. डीह्युमिडिफायर लावून ओलावा मोजून घ्या, वाळल्याचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच रंगारी बोलवा.
- सिलिकॉन किंवा ग्राउट निकामी झाल्याने हळूहळू झिरपलेलं पाणी अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं. ते वर्षातून एकदा बघणं फ्लॅटवाल्याचं काम.

एक्सेस कोणी भरायचा यावरून सर्वांत जास्त भांडणं होतात. 'पाणी वरून आलं म्हणून वरच्याने भरावं' हे आपोआप लागू होत नाही. वरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. त्याआधी लीज काय म्हणतं ते पाहा. काहींत तो सर्व्हिस चार्जमधून जातो, काहींत ज्याच्या फ्लॅटमुळे नुकसान झालं त्याच्याकडून. नियम आधीच लेखी कळवा, गळती झाल्यावर नव्हे.

एजंट क्लेम पुढे पाठवतच नसेल तर हात बांधून बसू नका. पॉलिसीत क्लेम कळवायची मुदत दिलेली असेल, तर त्या मुदतीत लीजधारक स्वतः विमा कंपनीला नुकसानीची लेखी सूचना देऊ शकतो. 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या परिशिष्टात हा हक्क आहे. मूळ मुदत लवकर संपणार असेल तर ती सूचनेच्या तारखेपासून सहा महिन्यांपर्यंत वाढलेली धरली जाते.

डिसेंबरात भारतात जाताना घर तसंच सोडणं

लग्नसराईला पाच-सहा आठवडे गेलात की पॉलिसीतलं 'रिकामं घर' हे कलम जागं होतं. बहुधा 30 किंवा 60 दिवसांनंतर पाणीगळती, चोरी यांचं संरक्षण कमी होतं किंवा अटी लागतात: पाणी बंद ठेवणं, कोणीतरी ठरावीक दिवसांनी आत जाऊन बघणं आणि त्याची नोंद. नेमके दिवस पॉलिसीत पाहा, कंटेंट्स विम्यातही पाहा. निघताना स्टॉपकॉक बंद करा, हीटिंग अगदी बंद न करता कमी तापमानावर ठेवा, एजंटला तारखा आणि शेजाऱ्याकडे किल्ली असल्याचं कळवा.

नोटीस चुकीच्या दारी जाणं

मालक पुण्यात, भाडेकरू हाउन्स्लोत आणि सर्व्हिस चार्जची मागणी येते फ्लॅटच्या पत्त्यावर. भाडेकरू पाकीट हॉलमधल्या कपाटावर ठेवतो आणि विसरतो. पत्रव्यवहाराचा पत्ता लेखी बदलून घ्या आणि पोहोच मागा. लीजमध्ये तरतूद किंवा तुमची संमती नसेल तर ईमेलने आलेली नोटीस औपचारिक ठरेलच असं नाही, त्यामुळे एजंटनेही टपाल सोडू नये.

एजंट आणि डायरेक्टर यांच्यासाठी: मागणीवर लँडलॉर्डचं नाव आणि पत्ता हवा, सोबत हक्क आणि जबाबदाऱ्यांचा ठरलेला सारांश हवा. तो नसेल तर लीजधारक तोपर्यंत पैसे रोखू शकतो. खर्च झाल्यापासून 18 महिन्यांत मागणी किंवा लेखी सूचना गेली नाही तर ती रक्कम बुडते. क्लेमनंतर राहिलेले एक्सेस इथेच हरवतात. कोणाची थकबाकी किती, कोणाच्या फ्लॅटमुळे क्लेम झाला, हे ग्रुपवर टाकू नका, तो डेटा संरक्षणाचा विषय आहे. आणि आगीच्या वेळी काय करायचं, फायर डोअर बंद का ठेवायचं आणि ते आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेशी छेडछाड का करायची नाही, याची माहिती 2022 च्या फायर सेफ्टी नियमांप्रमाणे रहिवाशांना दर 12 महिन्यांनी द्यायची आहे. ती भाडेकरूपर्यंत पोहोचली पाहिजे, नुसती मालकाला पाठवून भागत नाही.

प्रीमियम वाढला म्हणून नुसता संताप

विम्याचा सारांश लेखी मागा. 21 दिवसांत मिळायला हवा, मूळ पॉलिसी पाहण्याचाही हक्क आहे. 31 डिसेंबर 2023 पासून वित्तीय कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीच्या नियमांनी विमा कंपनी आणि ब्रोकर यांना लीजधारकांचं हित धरावं लागतं, आणि प्रीमियमसोबत कमिशनचीही माहिती लीजधारकांपर्यंत जायला हवी. पत्रात तीन आकडे नावाने मागा: निव्वळ प्रीमियम, 12 टक्के विमा कर आणि ब्रोकर, एजंट व फ्रीहोल्डर यांना गेलेलं कमिशन. 24 मे 2024 ला संमत झालेल्या लीजहोल्ड सुधारणा कायद्यात फ्रीहोल्डर आणि एजंट यांचं असं कमिशन बंद करण्याची तरतूद आहे, पण प्रत्यक्ष अंमल नियमांवर अवलंबून असल्याने आत्ताच्या पत्रात तिच्यावर विसंबू नका.

फ्रीहोल्डरने सर्वांत स्वस्त पॉलिसीच घेतली पाहिजे असा नियम नाही, खर्च वाजवी हवा. त्यामुळे दुसरीकडचं कोटेशन आणाल तेव्हा त्यात तीच डिक्लेअर्ड व्हॅल्यू, तेच एक्सेस आणि तोच क्लेमचा इतिहास असू द्या. पाच वर्षांच्या क्लेमची यादी विमा कंपनीकडून मागवून मग ब्रोकरकडे जा. 'एकही क्लेम नाही' असं गृहीत धरून आणलेलं स्वस्त कोटेशन ट्रायब्युनलपुढे, म्हणजे अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणापुढे टिकत नाही.