शेवाळ दिसताच आधी दिव्याची वेळ तपासा
पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यटाकीत शेवाळ वाढू लागले की औषधाची बाटली शोधण्याआधी दिव्याची वेळ तपासावी, कारण वनस्पतींना वापरता येईल त्याहून अधिक प्रकाश मिळाला की त्याचा लाभ शेवाळच घेते. टायमर लावून प्रकाश रोज ६ ते ८ तासांवर आणावा आणि टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये. काचेवरचे शेवाळ खरवडल्यावर लगेच सुमारे २५ टक्के पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त असावे. वॉलिस्नेरियासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती दाट लावल्यास त्या पाण्यातील अमोनिया व नायट्रेट ही शेवाळाला पोसणारी द्रव्ये शोषून घेतात, आणि माझ्या मते हाच सर्वांत टिकाऊ उपाय आहे. म्हणूनच शेवाळाच्या भीतीने खत पूर्णपणे बंद करून वनस्पतींची उपासमार करू नये. माशांना मात्र दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.