छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक खोलण्याआधी

मोसंबीच्या बागेतल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे क्वचितच झिजतात. डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचं ब्रेक पेडल वेगळं असतं; ओळीच्या टोकाला वळताना आपण एकाच बाजूचं पेडल दाबतो आणि सवयीने त्याच बाजूला जास्त वेळा वळतो. म्हणून पान्याला हात लावण्याआधी दोन्ही पेडल पट्टीने जोडा, मोकळ्या सपाट रानात रिकामा ट्रॅक्टर हळू चालवा आणि ब्रेक दाबून बघा. कोणत्या बाजूला ओढतो, पेडल किती खाली जातं, खरखर येते का, हे लिहून ठेवा. ब्रेक तेलात चालणाऱ्या डिस्कचे असतील तर घरी खोलू नका, मेकॅनिकला बोलवा. पुढचं सगळं ड्रम आणि शूच्या ब्रेकसाठी आहे, म्हणजे फिरणाऱ्या ड्रमला आतून शू घासून चाक थांबवतात तो ब्रेक.

मग मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला वाकून बघा. तेलाचा ओघळ आणि त्यावर बसलेली धूळ दिसली, तर बिचाऱ्या लायनरला, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तराला, दोष देऊ नका. एक्सलचं ऑइल सील गळतंय आणि आतलं तेल ड्रममध्ये उतरतंय. सील न बदलता नवे लायनर टाकले तर तेही भिजणार. गिअरबॉक्सचं तेल खुणेच्या वर तर नाही ना, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) मातीने बुजलाय का, हेही तपासा. कोंडलेला दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो. त्यामुळे जालन्याला सामानाला जाताना यादीत सील वर लिहा, लायनर त्याखाली. दोन्ही बाजूंचे लायनर, रिटर्न स्प्रिंगा, स्प्लिट पिना एकदमच घ्या. चेसिस नंबरच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, दुकानात तोच लागतो.

जागा शेडातली पक्की फरशी हवी. काळ्या रानात जॅक खचतो. फळी टाकली तरी माझा त्यावर भरवसा नाही. जॅक फक्त उचलायला. वजन लाकडाच्या जाड ओंडक्यांवर घ्या, विटांवर नको, त्या अचानक फुटतात. नुसतं गिअरमध्ये टाकून विसंबू नका. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ट्रॅक्टर गिअरमध्ये असूनही सरकू शकतो. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. फवारणीचा ब्लोअर आधीच सोडवून ठेवा. नटांना रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच ते ढिले करा. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर चाक एकट्याने काढायचं धाडस करू नका.

मे महिन्यात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, तेव्हा काम उजाडताच सुरू करा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे स्प्रिंग कुठे अडकवायची ते दुसरीकडे बघता येतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडे सगळं डिझेलने धुतात, पण लायनर आणि ड्रमला त्याचा थेंबही नको. ब्रेक क्लीनरचा डबा आणा. शू बाहेर ढकलणाऱ्या कॅमला ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

ड्रमला खोल चरे निघाले तर तो लेथवर न्यावा लागेल, म्हणून त्या आठवड्यात फवारणी ठरवू नका. जोडल्यावर पेडलचं फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी चाल, पुस्तिकेतल्या मापाला दोन्हीकडे सारखं करा. आधी रिकाम्या रानात चालवून बघा; गाडी एका बाजूला ओढत असेल तोवर ट्रॉली जोडू नका आणि रस्त्यावरही काढू नका.