कोचची शैली एक, खेळाडू भलतेच: कॉलेज बास्केटबॉलचा संघ बांधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये संघ आता जवळजवळ दर उन्हाळ्यात नव्याने बांधावा लागतो. 2021मध्ये पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसवण्याची अट गेली आणि 2024मध्ये किती वेळा बदलायचं यावरचं बंधनही उठलं. समोर एवढे खेळाडू दिसले की आधी नावाजलेले उचलू, शैलीचं मग बघू, असा मोह होतो. घोळ तिथेच सुरू होतो.

शाका स्मार्ट यांचं उदाहरण बघा. व्हीसीयूमध्ये (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ) कोर्टभर प्रेस, म्हणजे चेंडू आणणाऱ्यावर पार त्याच्या टोकापासून दबाव टाकणारा बचाव, खेळवणारा कोच म्हणून त्यांचं नाव झालं आणि 2011मध्ये त्यांनी हा संघ फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, नेला. पुढे टेक्सासमध्ये त्यांच्याकडे जॅरेट ॲलन, मो बांबा असे एनबीएच्या तोडीचे उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारे) आले. प्रेस मागे पडला, खेळ संथ झाला आणि सहा हंगामांत याच राष्ट्रीय, म्हणजे एनसीएए स्पर्धेतला एकही सामना जिंकता आला नाही. त्या पोरांत काही कमी नव्हतं. कोच ज्यासाठी ओळखला जायचा, तो खेळ त्यांचा नव्हता.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: हरल्यावर शैलीच मोडीत काढणं. आपल्याकडची बरीच मुलं इंजिनिअरिंगला जातात त्या पर्ड्यूकडे 7 फूट 4 इंचांचा झॅक एडी होता आणि मॅट पेंटर यांचा सगळा खेळ त्याच्याभोवती फिरायचा. 2023च्या एनसीएए स्पर्धेत अव्वल मानांकन असूनही पर्ड्यू 16व्या मानांकित फेअरली डिकिन्सनकडून 63-58 हरला. डिव्हिजन वन या कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या गटातला तो सर्वांत बुटका संघ! एडीने त्या दिवशीही 21 गुण आणि 15 रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) केले होते, म्हणजे दुखणं सेंटरमध्ये नव्हतं. प्रतिस्पर्ध्यांनी त्याला घेरलं आणि चेंडू आणणाऱ्या नवख्या गार्डांना श्वास घेऊ दिला नाही. पर्ड्यूचे टर्नओव्हर (फटका न मारताच चेंडू गमावणं) झाले 16, तर थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे फटके, 26 पैकी फक्त 5 गेले.

पेंटर यांनी एडीभोवतीचा खेळ बदलला नाही. सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्स हा चपळ, बचावात चिवट गार्ड आणला. तोवर जुने गार्डही एका वर्षाने मुरले होते. 2024मध्ये हाच संघ अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे यूकॉनने (कनेटिकट विद्यापीठ) 75-60 हरवलं, ते सोडा. माझ्या मते ट्रान्सफर पोर्टलमधली (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) ही सर्वांत शहाणी खरेदी होती. म्हणून आधी गमावलेल्या सामन्यांचे व्हिडिओ लावा आणि खिंडार कुठे पडलं ते शोधा. खेळाडूंची यादी नंतर उघडा.

सरासरी गुणांवर भाळू नका. वेगाने खेळणाऱ्या संघात चढाया जास्त, त्यामुळे गुणही जास्त. छोट्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या लीगमध्ये) 20 गुण करणाऱ्याच्या हातात तिथे सतत चेंडू असतो. तुमच्याकडे त्याला कोपऱ्यात उभं राहून पासची वाट बघावी लागणार असेल, तर चेंडू हातात नसताना तो काय करतो ते तपासा. नेमबाजीचा अंदाज घेताना थ्री पॉइंटरच्या टक्केवारीबरोबर फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळा फटक्याची) टक्केवारीही बघा.

उंची नुसती सेंटरची मोजू नका. सिरॅक्युजमध्ये जिम बोहाइम यांच्या 2-3 झोनला (वर दोन आणि बास्केटजवळ तीन खेळाडू आपापली जागा राखतात असा बचाव) वरच्या दोन जागांवरही लांब हात लागायचे. 2013च्या फायनल फोर संघात मायकल कार्टर-विल्यम्स हा गार्डच 6 फूट 6 इंचांचा होता.

प्रेस खेळायचा असेल तर पहिल्या पाचांपेक्षा बेंच आधी भरा. सामना 40 मिनिटांचा, पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. उत्तरार्धात तुमचा प्रेस अचानक ढिला पडत असेल, तर डावपेच बदलण्याआधी आठव्या-नवव्या खेळाडूला किती मिनिटं मिळतात ते बघा.