पन्नाशीनंतर पुन्हा रेसला उतरायचंय? जुन्या रेसरांसाठी थोडं सविस्तर

हे नव्याने सायकल घेणाऱ्यांसाठी नाही. ज्यांनी रेल्वे, सेनादल, पोलीस किंवा जिल्ह्याच्या जर्सीत रेस खेळल्या, मुंबई-पुणे सायकल रेसमध्ये बोरघाट चढला आणि मग नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं यांत सायकल माळ्यावर टाकली, त्यांच्यासाठी आहे. आता मुलं मार्गी लागली, गुडघे अजून वाकतात आणि पाठीवर पुन्हा नंबर लावावासा वाटतो. मी स्वतः रेल्वेकडून खेळलो. सध्या पुण्यात माझ्याच वयाच्या जुन्या रेसरांची तयारी करून घेतो.

परतणाऱ्या रेसरला सगळ्यात मोठा धोका त्याच्या सोसण्याच्या सवयीचा असतो. नवखा माणूस गुडघा दुखला की उतरतो. आपल्याला दुखत असताना पायडल मारायला शिकवलं गेलंय. दम काही आठवड्यांत परत यायला लागतो, पुढच्याचं चाक धरायचं कसब तर कुठे गेलेलंच नसतं. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि हाडं मात्र महिने घेतात. दम आणि टेंडन यांच्यातल्या या अंतरात माणसं जायबंदी होतात. सांगलीचा माझा एक जुना जोडीदार महिनाभरात तरुण पोरांच्या बंचमध्ये, म्हणजे एकत्र पळणाऱ्या घोळक्यात, टिकायला लागला, आम्ही सगळे खूश, आणि पुढचे कित्येक महिने तो टाचेमागचा अकिलीस टेंडन धरून घरी बसला. म्हणून नवख्यापेक्षाही हळू सुरुवात करा.

परत येता येतं का? येतं. इटलीचा सायकलपटू फ्रान्चेस्को मोझरचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. १९८४ च्या जानेवारीत त्याने मेक्सिको सिटीत एका तासात ५१.१५१ किलोमीटर कापून बेल्जियमच्या एडी मर्क्सचा १९७२ चा ४९.४३१ चा विक्रम मोडला. १९८८ मध्ये तो निवृत्त झाला. १९९४ च्या जानेवारीत, ४२ व्या वर्षी, तो त्याच शहरात परत गेला आणि ५१.८४० किलोमीटर कापून आला. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनचा तेव्हाचा ५२.२७० चा विक्रम काही हाती लागला नाही, पण दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःला त्याने मागे टाकलं. कसं, ते नीट बघा. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने १९९३ मध्ये जगाला दाखवलेली, हात छातीखाली दुमडून बसायची पद्धत त्याने उचलली. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असलेल्या जागेची विरळ हवा निवडली. आणि प्रकार असा घेतला की ज्यात धक्काबुक्की नाही, स्प्रिंट नाही, फक्त एकसारखा जोर. १९८४ च्या वेळी रक्त चढवून घेतल्याचं त्याने पुढे कबूल केलं. तेव्हा त्यावर बंदी नव्हती, तरी ते मला टोचतंच. जागा, बैठक आणि शर्यत आपल्या वयाला बघून निवडण्याचा त्याचा धडा मात्र घेण्यासारखा आहे.

आधी डॉक्टर

कार्डिओलॉजिस्टकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मी रेसर होतो, पुन्हा जोरात चालवणार आहे. नाहीतर ते चालण्या-फिरण्याच्या हिशेबाने तपासतील. ईसीजी, इको, टीएमटी (ट्रेडमिलवर पळवून घेतलेला ईसीजी), लिपिड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बीपी. सोबत बी-१२ आणि व्हिटॅमिन डी. टीएमटी नॉर्मल आली म्हणजे सगळं निर्धोक, असं नसतं. वडिलांना किंवा भावाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर पुढच्या तपासण्यांबद्दल स्वतःहून विचारा. 'आपण खेळाडू, आपल्याला काय होणार' हे डोक्यातून काढून टाका. वर्षानुवर्षं तासन्‌तास मेहनत केलेल्या पुरुषांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडणं, उलट जास्त आढळतं.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही करून घ्या. सायकलवर शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही, त्यामुळे रोड रेसरांच्या मणक्याची हाडं बऱ्याचदा त्यांच्या वयाच्या मानाने विरळ असतात. पंचविशीत पडलो तर कातडी सोलायची. आता खुबा मोडू शकतो.

गोळ्यांची चिठ्ठीही पुढ्यात ठेवा. बीपी-हृदयासाठीचं बीटा ब्लॉकर हे औषध चालू असेल तर नाडी वर चढतच नाही, मग हार्ट रेटवर बेतलेलं सगळं गणित चुकतं. अशांनी दमावरून किंवा पॉवर मीटरवरून (पायाचा जोर मोजणारं यंत्र) चालवायचं.

सायकल

जुनी स्टीलची फ्रेम ठेवा, तिच्यावर रविवारी खडकवासल्याला जा. घाटासाठी मात्र गिअर बदला, यात मी कुणाचं ऐकत नाही. आपल्या वेळी पुढच्या चक्रांना ५२-४२ आणि मागच्यांना १३ ते २१ दाते असायचे. ४२-२१ म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाकाच्या दोन फेऱ्या. चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर मिनिटाला ८० फेऱ्या मारायला ताशी २० किलोमीटर वेग लागतो. बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या चढावर आज तुमचा वेग ताशी १० असेल, तर त्याच गिअरला पाय ४० वर येतो, आणि त्या प्रत्येक फेरीचा भार गुडघ्याच्या वाटीवर पडतो. आता पुढे ३४, मागे ३४ मिळतं. त्याच वेगाला पाय ८० वर फिरतो. बसवून घ्या. मुंबई-पुणे रेसमध्ये घाट पहिला चढून 'घाटाचा राजा' झालेल्यांनीही बसवून घ्या.

टायर २८ मिलिमीटरचे घाला आणि हवा कमी ठेवा. आपण १२० पाउंड भरायचो ते विसरा. हँडल थोडं वर आणि थोडं जवळ घ्या. मान आणि कंबर आता पूर्वीइतकी वाकत नाही, आणि वाकवायचा हट्ट धरला की आधी हाताची बोटं मुंग्या येऊन सांगतात. बाइक फिटिंगवर केलेला खर्च कार्बनच्या चाकांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. बूट अडकवायचे क्लिपचे पायडल नवे असतील तर मैदानात गवतावर सराव करा.

पहिले तीन महिने

आठवड्यातून चार दिवस, सपाटीवर, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोराने. वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका करा. पाय मिनिटाला ८५ ते ९५. आठवड्याचा एकूण वेळ हळूहळू वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करा. या काळात तरुणांच्या ग्रुपबरोबर जाऊ नका. पुढे कुणी अटॅक केला की आपला पाय आपल्याला न विचारता उठतो. बाणेर-बालेवाडीच्या रस्त्यावर मी हे इतक्या जणांचं पाहिलंय की आता पहिले तीन महिने सगळ्यांना एकेकटंच पाठवतो.

जुन्या डायऱ्या बंद करून ठेवा. बसून काम करणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्के घसरते. जोरात सराव चालू ठेवणाऱ्यांची घसरण त्याच्या निम्म्यावर राहू शकते. मधली वीस वर्षं तुम्ही खुर्चीत होतात. तेव्हाच्या वेळेशी आजची वेळ लावली की माणूस एकतर निराश होतो किंवा जीव काढतो. नवी वही घ्या, पहिल्या पानापासून.

नाडीचं कमाल माप काढायला २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. ५५ व्या वर्षी ते साधारण १७० येतं. ही सरासरी आहे. तुमचा आकडा दहाने इकडे-तिकडे असू शकतो.

याच तीन महिन्यांत आठवड्यातून दोनदा वजनं. आपल्या पिढीला हे पटत नाही. 'जिमने पाय जड होतात' असं आपले उस्ताद सांगायचे, आणि पंचविशीत ते चालून गेलं. पन्नाशीनंतर स्नायू, त्यातही स्प्रिंटचे वेगवान तंतू, न वापरता झपाट्याने जातात. स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायाने पायरी चढणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. सुरुवात रिकाम्या दांड्याने, कुणी जाणकार समोर उभा असताना. सूर्यनमस्कार चांगलेच, पण हाडांना वजनाचा भार हवा.

जोराचे दिवस

चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एक, पुढे फार तर दोन. चार मिनिटं जोरात, तीन-चार मिनिटं अगदी हलकं, असं चार वेळा. चढावर केलं तर पडायची भीती कमी. दोन जोराच्या दिवसांत निदान ४८ तास, बऱ्याच जणांना ७२ लागतात. विशीत रात्रीच्या झोपेत भरून निघायचं, आता निघत नाही. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असेल किंवा झोप मोडत असेल, तर तो दिवस हलका घ्या.

खाण्यात प्रथिनं वाढवा. शरीराच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वाटीभर मटकीच्या उसळीत आठ-दहा ग्रॅम, दोन अंड्यांत बारा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. नुसत्या पोहे-चहाच्या न्याहारीने हे जमणार नाही. तीन जेवणांत वाटून खा. लांबच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं: केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, बाटलीत लिंबू-मीठ-साखर.

औषधं आणि नियम

हे कुणी सांगत नाही. लायसन्स घेऊन रेस खेळलात तर 'नाडा'चे, म्हणजे देशाच्या उत्तेजक-विरोधी संस्थेचे, नियम वयस्कांनाही लागू होतात. बीपीच्या अनेक जोड-गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि वाडाच्या (जागतिक उत्तेजक-विरोधी संस्था) यादीत त्यावर कायम बंदी आहे. इन्सुलिनवरही बंदी आहे. गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडून पर्याय मागा किंवा उपचारासाठीची सवलत, टीयूई, अर्ज करून घ्या. टेस्टोस्टेरॉन 'या वयात सगळेच घेतात' म्हणणारा जिममध्ये भेटेल. त्याच्यापासून लांब राहा. जे पूर्वी चाचणीच्या नोंदणीकृत यादीत होते, त्यांनी परतण्याआधी सहा महिने लेखी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहायचं असतं.

कोणती रेस

टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची शर्यत) किंवा घाटाची चढाई निवडा. क्रिटेरियम, म्हणजे छोट्या रस्त्यावर फेऱ्या मारायची शर्यत, सोडा, तिथल्या वळणांवर कोपर आणि नशीब दोन्ही लागतात. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड, साडेतेरा तासांत संपवायची असते. तिथे कुणी पहिलं येत नाही आणि अंगात किती आहे ते नीट कळतं, म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यात मी तीच ठेवतो. ब्रिटनचा माल्कम इलियट, १९८९ च्या व्हुएल्टात (स्पेनची मोठी टप्प्यांची शर्यत) गुणांची जर्सी जिंकलेला स्प्रिंटर, चाळिशी ओलांडल्यावर परतला आणि वर्षानुवर्षं पोरांबरोबर खेळला. पण तो टप्प्याटप्प्याने वर गेला, घरच्या शर्यतींतून.

पहिल्या रेसला बंचच्या मागच्या तिसऱ्या भागात, कडेला राहा, मधोमध अडकू नका. उतारावर दोन सायकलींचं अंतर ठेवा. पूर्वी ठेवायचो त्याच्या दुप्पट. बंच सुटला तर पाठलाग एकदाच करा, नाही जमलं तर आपल्या वेगाने संपवा. गुडघ्यात टोचलं तर गिअर हलका करा. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये थांबलं नाही तर उतरा. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठोके विचित्र वाटले तर थांबून तपासत बसू नका, चढ संपायची वाट बघू नका. सायकल आडवी टाका आणि मागून येणाऱ्या गाडीला हात करा.