घरी भजन रेकॉर्ड करताना कंडेन्सर माइक: निवड आणि जोडणी

माइक घेण्याआधी तो कशाला जोडणार, ते ठरवा. भजन मंडळाच्या अॅम्प्लिफायरवर डायनॅमिक माइक चालतो, कारण त्याला वेगळी वीज लागत नाही. स्टुडिओच्या कंडेन्सरला, म्हणजे बारीक आवाजही टिपणाऱ्या माइकला, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या वायरमधूनच जाणारी वीज) लागते. मंडळाच्या जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये ती सहसा नसते, मोबाइलच्या ३.५ मिमी जॅकमध्ये तर नसतेच. स्वस्त माइकसोबत एका टोकाला एक्सएलआर (तीन पिनांचा गोल कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिमी पिन अशी वायर येते. तिच्यातून जेमतेम काही व्होल्ट मिळतात, म्हणून आवाज दबका येतो आणि मागे सूं वाजत राहतं. दोष माइकचा नसतो.

एकट्याचा आवाज घ्यायचा असेल, तर यूएसबी कंडेन्सर पुरे. गाणारा आणि खंजिरी वेगवेगळ्या ट्रॅकवर हवी असेल, तर दोन एक्सएलआर इनपुटचा, ४८ व्होल्टचं बटण असलेला ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) घ्या. माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) असावा, सेल्फ नॉइज (माइकची स्वतःची सूं) १५ डीबीएच्या आसपास किंवा कमी. खोली टिनाची असेल आणि बाजूला कुलर चालू असेल, तर कंडेन्सरचा नादच सोडा. तिथे डायनॅमिक बरा. मातीच्या जाड भिंतींची, कवेलूची खोली रिकाम्या स्लॅबच्या खोलीपेक्षा कमी घुमते. वेचणीनंतर कापूस भरलेली खोली तर आवाज छान शोषते, फक्त तंतू बसू नयेत म्हणून काम संपलं की माइक झाकायचा. यांपैकी काहीच नसेल, तर गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूंना जाड गाद्या उभ्या करा.

जोडताना क्रम चुकवू नका. गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) शून्यावर, फँटम बंद, स्पीकर बंद. मग एक्सएलआर वायर ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा, फँटम चालू करा, दहाएक सेकंद थांबा आणि हेडफोन लावून गेन वाढवा. सगळ्यात जोरात गायल्यावर आवाजाची पातळी दाखवणारा मीटर -१२ डीबीच्या आसपास राहिला पाहिजे. काढताना उलट: गेन खाली, फँटम बंद, अर्धा मिनिट थांबून वायर काढायची.

बहुतेक मोठे कंडेन्सर समोरच्या बाजूने ऐकतात, टोकाकडून नाही. कार्डिऑइडची बदामासारखी खूण किंवा कंपनीचं चिन्ह असलेली बाजू तोंडाकडे करा. अंतर १५ ते २० सेंमी, मध्ये पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी). एकाच माइकवर खंजिरीही घ्यायची असेल, तर ती वाजवणाऱ्याला त्याच बाजूला मीटरभर मागे बसवा. खिडकी माइकच्या पाठीकडे येऊ द्या.

घूं असा आवाज आला, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. गेला, तर दोष अर्थिंगचा. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात पाणी घाला. लाइन गेल्यावर जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर घरघर आणतो, तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करा. इंटरफेस यूएसबीवरच चालणारा असला की त्याचीही सोय होते.

पावसाळ्यात चरचर, फुटफुट ऐकू आली, तर कॅप्सूलमध्ये (माइकच्या आतल्या आवाज टिपणाऱ्या भागात) दमट हवा शिरलेली असते. माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उन्हात वाळवू नका, आणि जाळीत फुंकर तर मुळीच मारू नका.